पेजेचं समीकरण

दामू गुरुजी लग्नाच्या पंगतीत बसले की वरण वाढणाऱ्याचा हात धरत. "थांब रे. हळू ओत. धार बघू दे." धार तुटेपर्यंत नजर मनगटावरच्या घड्याळावर. तोवर अख्खी पंगत वरणाविना कोरडा भात चिवडत बसलेली.

किन्हवलीतले हे निवृत्त विज्ञान शिक्षक माझे शेजारी. त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, पक्षाघात झाला, गिळता येईना, तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. पेज घट्ट केली की नळीत अडके. पातळ केली की काकू वाळत चालल्या. म्हणून गुरुजींनी घट्ट द्रव नळीतून किती वेगाने वाहतो, याचं समीकरण पहिल्यापासून मांडायला घेतलं. पुस्तकातलं आयतं त्यांना नको होतं. "मांडल्याबिगर कळत नाय."

मांडत ते पडवीच्या भिंतीवर, खडूने. एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे द्रवाचे थर. "कडेचा थर नळीला चिकटतो, हलत नाय. त्याच्या आतला सरकतो. मधला पळतो." इथवर मला समजे. मग ते सगळ्या थरांची बेरीज करत आणि त्रिज्येचा चौथा घात निघे. तो कुठून आला, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी आकड्यांचा माणूस. गॅस सिलिंडर किती दिवस पुरला, तेही लिहून ठेवतो. म्हटलं, "गुरुजी, नळी दुप्पट रुंद केली तर तोंड चौपट. पेज चौपट यायला हवी. तुमचं सोळापट कसं?"

"मोज की. तुझ्याच घड्याळावर."

मोजलं. सारखी उंची, सारखी लांबी, दोन नळ्या, पेजेऐवजी एकेक वाटी गोडेतेल. रुंद नळीला एक मिनिट. निम्म्या रुंदीच्या नळीला पंधरा मिनिटं छप्पन्न सेकंद. पुन्हा मोजलं. तेच. आमची ही दारातून म्हणाली, "एक होते, आता दोन झाले!"

"मग जाड नळी घाला ना," मी म्हणालो.

"नाकात मावत नाय. त्रिज्या गेली हातातून. ऱ्हायली लांबी नि उंची."

त्यांनी नाकातल्या नळीला वरून जोडलेली नळी आखूड केली, पेज दोनदा गाळली, डॉक्टरांना विचारून पेजेचं भांडं खिडकीच्या गजाला वीतभर वर टांगलं. मला घड्याळ घेऊन बसवलं. ओतण्याआधी चमचाभर पेज स्वतः चाखली, चिमूटभर मीठ टाकलं, पुन्हा चाखली.

"नळीतून काकूंना चव कळते?"

"नाय."

मी भिंतीकडे पाहिलं. समीकरणात मीठ कुठेच नव्हतं. "मग मीठ कशाला?"

"चाळीस वर्षांत तिनं मला आळणी वाढलं नाय," गुरुजी पेज ओतत म्हणाले. "तू घड्याळ बघ."

पेज न अडकता उतरली. अकरा मिनिटं लागली. वरचे सेकंद माझ्याकडून टिपायचे राहिले.