नागूचे दुसरे मरण

आठवडाभरात आपले नाव साऱ्या मुंबईत गाजणार, याविषयी गौराबाईला तिळमात्र शंका नव्हती. कारणही तसेच होते. खालापुराकडच्या तिच्या आडबाजूच्या झोपडीत पहाटे बिबट्या शिरला, कोंबडीच्या लोभाने त्याने खुराड्यात डोके घातले आणि ते तिथेच अडकले. एकट्या राहणाऱ्या त्या विधवेने मुसळ उचलून त्याचा निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी कर्जतहून वर्तमानपत्राचे बातमीदार आले.

"माजं नाव ठळक घाला, दादा," ती म्हणाली. "लेक माजी, जनी, परळला दिलीया. बाप गेल्यापासनं सासूनं धाडली नाय. त्यांच्या चाळीत पेपर मोठ्यानं वाचत्यात. माजं नाव आयकलं, तर सासूबी धाडंल."

"बाईमाणसाने वाघ मारला म्हटलं, तर वाचक हसतील. यजमानांचं नाव?"

नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते. तो मेल्यावरही नाही. ते शेजारच्या हिरामणने तत्परतेने पुरवले, "नागू." गौराबाईचे बोलणे बातमीदारांनी नीट ऐकले असते किंवा तिच्या पांढऱ्या कपाळाकडे एकवार पाहिले असते, तरी पुढचे टळते. पण ते बिबट्याची लांबी मोजण्यात गुंतले होते.

बातमी आली: 'शूर नागूने मुसळाच्या एका घावात बिबट्या लोळवला, भयभीत पत्नी माळ्यावर दडली.'

शिळफाट्याचे तालीमबाज नागूसाठी फेटा घेऊन हजर झाले.

"धनी कवाच वारले, बाबांनो. वाघ मी मारला."

"बाई अजून भ्यालेली हाय," एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणाला.

"नागू खरंच मेलाय रं," हिरामणने साक्ष दिली.

तालीमबाजांनी चटकन फेटे उतरवले. पुढच्या अंकात छापून आले: 'वीर नागूचे जखमांनी निधन.'

मग आसपासच्या गावांतून माणसे सांत्वनाला लोटली. नागू खरोखर गेला, तेव्हा चार खांदेकरी जमवताना मारामार झाली होती! आता ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. गौराबाई सगळ्यांना गुळाचा चहा देत होती आणि एक डोळा पायवाटेवर ठेवत होती.

पंधरवड्याने गर्दी ओसरली. रिकाम्या ओटीवर हिरामण तेवढा उरला.

"जनी नाय आली गं, मावशी?"

"कशी यील?" गौराबाई कपबश्या विसळत म्हणाली. "तिचा बाप कवाच मेला, ती सोता हुती की इथं. ह्यो नागू दुसराच कोनी आसंल, आसं वाटलं आसंल तिला. परक्या मानसासाठी कोन येतंय एवढ्या लांब?"