साक्षीदाराची सही

गाडेकाका पाणी आधी हुंगतात, मग पितात. लग्नात असो, टपरीवर असो, नाहीतर आमच्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये. ग्लास नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि मग एकतर प्यायचं, नाहीतर ग्लास आदरानं परत ठेवायचा. विभागप्रमुखांचा ग्लास त्यांनी परत ठेवला होता.

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा सर समजून आम्ही सगळे उभे राहिलो. तेही दचकले आणि कोण आलं म्हणून मागं वळून बघायला लागले. साठीला टेकलेला माणूस, गळ्यात कोरं करकरीत आयकार्ड. चाकणच्या एका कंपनीत सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर तीस वर्षं काढून रिटायर झालेले. बी.एस्सी. कधीच झाली होती, पण बोली गावचीच ठेवली होती.

"काका, या वयात डिग्री कशाला?" वर्गातल्या ऋषीनं विचारलं.

"तीस वर्षं घाण साफ केली राव. ती काय व्हती, ते आता शिकतो."

एकदा कॅन्टीनच्या पाण्याला नाक लावून म्हणाले, "टाकी धुतली न्हाई." कॅन्टीनवाला चिडला. "काका, तुमचं नाक धुवा," म्हणाला. पोरांनी मग टाकीचं झाकणच उघडायला लावलं. आत एक चप्पल होती. त्या दिवसापासून कॅन्टीनवाला काकांना चहा स्वतः आणून द्यायचा आणि त्यांनी हुंगून मान हलवेपर्यंत तिथंच उभा राहायचा.

दुसरं वेड लेबलचं. नदीचं, नाल्याचं पाणी तपासायला बाटलीत घेतलं की तिच्यावर चिठ्ठी लावतात: ठिकाण, वार, वेळ, नमुना घेणार, साक्षीदार. "लेबल न्हाई, तर ते पाणीच न्हाई," काका म्हणायचे. इथवर ठीक होतं. पण त्यांच्या जेवणाच्या डब्यावरही चिठ्ठी असायची. 'मेथी. सोमवार, सकाळी ६.१०. नमुना घेणार: स्वतः. साक्षीदार:' आणि पुढं एक रेघ. वर्ग पोट धरून हसला होता. मीही हसले होते.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या जोड्या लागल्या आणि माझ्या वाट्याला काका आले. खरं सांगते, मला राग आला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. वडिलांनी कारखान्यात प्रेस मशीनवर ओव्हरटाइम करून मला शिकवलं. मला पहिला नंबर हवा होता, काका नको होते.

"सरांनी दर रविवारी सॅम्पल घ्याया सांगितलंय, पार्टनर," काका म्हणाले. "सकाळी सात. मोशीच्या पुलाखाली."

रविवार हा माझा झोपायचा एकमेव वार. पण शंका घ्यायला जागाच नव्हती. प्लांटच्या वहीत आपण कधी खोटा आकडा लिहिला नाही, हे काका दिवसातून दोनदा तरी सांगायचे.

मग वर्षभर दर रविवारी आम्ही इंद्रायणीच्या काठावर. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचे, बाटली तीनदा विसळून भरायचे, हुंगायचे आणि निकाल द्यायचे. "आज नदी रुसली हाय." मी साक्षीदार म्हणून सही करायची. त्यानंतर डबा उघडायचा. तो नेहमी दोघांना पुरून उरेल एवढा असायचा.

"चुकून जास्त झालं. खा."

"दर रविवारी चुकून?"

"अंदाज चुकतो माझा."

ज्या माणसाचा प्लांटवर तुरटीचा अंदाज कधी चुकला नाही, त्याचा भाजीचा चुकायचा. एकदा मी त्यांच्या मुलाविषयी विचारलं. "हिंजवडीला असतो," ते म्हणाले. "येणार हाय. ट्रॅफिक लई हाय तिकडं. मागच्या दिवाळीला निघालाय." मी हसले. काका भाकरी मोडत राहिले.

मी रिपोर्ट दाखवायला गेले, तेव्हा प्रोजेक्टच्या सरांनी पानं उलटली आणि चष्मा काढला. "एवढी सॅम्पलं कशाला? मी महिन्यातून एकदा म्हटलं होतं. गाडेंनी माझ्यासमोर लिहून घेतलं होतं."

मी तशीच बस धरून चाकणला काकांच्या घरी गेले, भांडायला.

"काका, तुम्ही खोटं बोललात."

"व्हय."

"वर्षभर!"

"वहीत न्हाई बोललो," ते हळूच म्हणाले. "तोंडानं बोललो."

मला बसवून ते पाणी आणायला उठले. त्यांनी फ्रिज उघडला. आत ओळीनं डबे, प्रत्येकावर चिठ्ठी. वांगं, मंगळवार. आमटी, बुधवार. साक्षीदारापुढं सगळीकडं रेघ. फक्त वरच्या कप्प्यातल्या लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी जुनी, पिवळी पडलेली होती. 'नमुना घेणार: शालन गाडे. साक्षीदार:' आणि पुढं काकांची सही. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तिला लई हसू यायचं ह्याचं," काका म्हणाले. काकूंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वर्गात आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. "सहा वार कालेज हाय, पार्टनर. रविवारी घरात आवाज नसतो."

भांडायला आणलेले शब्द मी तसेच परत घेऊन निघाले. चहाही घेतला नाही.

रिपोर्ट जमा झाला. आता नदीवर जायचं काही कारण नव्हतं. पुढच्या रविवारी सात वाजता मी पुलाखाली गेले. काका पाण्याजवळच्या दगडावर बसले होते. हातात बाटली नव्हती, पँटही दुमडलेली नव्हती. मला बघून उभे राहिले.

मी पिशवीतून माझा डबा काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर चिठ्ठी होती. 'पोहे. रविवार, सकाळी ६.२०. नमुना घेणार: मी. साक्षीदार:' पुढची जागा मी कोरी ठेवली होती.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. झाकण उघडून नाकाशी नेलं, डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेलेच राहिले. मग त्यांनी एक घास खाल्ला, खिशातलं पेन काढून कोऱ्या जागेत सावकाश सही केली, आणि खाली शेरा लिहिला: 'मीठ कमी.'