तातेरावांची बाल्कनी

तातेरावांच्या घरी चहा मिळायचा, पण डोंगर चढून आल्यावर. हा नियम पाव्हण्यारावळ्यांना, मास्तरांना आणि चुकून दारात आलेल्या माणसालाही सारखाच लागू होता. एकदा त्यांचा सख्खा मेव्हणा भर उन्हात आखाडा बाळापूरहून आला. ओसरीवर टेकून तो पाणी पितो न पितो तोच तातेरावांनी पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला, वर जाऊन येऊ." मेव्हणा उठला आणि सरळ परतीच्या बसकडे चालता झाला.

ते आमच्या शाळेत कारकून. औंढ्याच्या जवळच डोंगराच्या पोटाशी आमचं गाव, आणि शाळेच्या मागच्या कुंपणापासूनच सागाचं जंगल सुरू होतं. नव्वद सालानंतर कधीतरी मी तिथे गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी पगाराचं काय ते विचारायला गेलो, तर हे खुर्चीतून उठले. "वर बोलू," म्हणाले. पुढे कळलं की त्यांचं प्रत्येक महत्त्वाचं बोलणं वरच व्हायचं. रजा, पगार, गावातली भांडणं, सगळ्यावर उत्तर एकच, "वर बोलू." माझं पोट तेव्हाही सुटलेलंच होतं. मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा मला विचारायचं काय होतं तेच आठवेना.

डोंगराच्या माथ्यावर एक सपाट खडक पुढे आलेला आहे. त्याला ते 'बाल्कनी' म्हणत. थेटरात बाल्कनीचं तिकीट महाग, इथे फुकट, आणि तरी लोक खालीच बसतात याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. तिथून औंढ्याच्या देवळाचं शिखर आणि सिद्धेश्वर धरणाचं पाणी दिसतं हे खरं. पण तातेरावांना तिथून नांदेडही दिसायचं. आज एका टेकडीच्या डावीकडे, तर पुढच्या खेपेला उजवीकडे. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर हवा बदलली की ते सरकतं असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

पुढे हिंगोली जिल्हा वेगळा झाला. तो आपल्या डोंगरासाठीच झाला अशी त्यांची समजूत झाली. जिल्ह्याला कचेरी पाहिजे, कोर्ट पाहिजे, तसं हिल स्टेशन पाहिजे का न्हाई, बराबर? असं ते येईल त्याला विचारायचे. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांना त्यांनी असंच वर नेलं. साहेब उतरले ते बुटाचा एक तळवा हातात घेऊन. शेरा मात्र त्यांनी उत्तम दिला, कारण वर्गात जाऊन काही तपासायचा दम त्यांच्यात उरलाच नव्हता.

गाव त्यांना येडं म्हणायचं. तोंडावर म्हणायचं. तातेराव हसायचे आणि विचारायचे, "मग कवा चलता?"

त्यांची थोरली मुलगी वंदना. लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात ठेवायचा, पाय रेटायचा, पुढचं पाऊल टाकायचं, असं तिचं चालणं. बारावी झालेली, शिलाई शिकलेली आणि बोलायला तिखट. बापाच्या प्रत्येक फेरीला ती बरोबर असायची. स्वतःचा शौक म्हणून बिचाऱ्या पोरीला कशाला फरफटवतात, असं मला वाटायचं.

वंदनाला पाहुणे बघायला येऊ लागले तेव्हा घरातलं वातावरण बदललं. आपल्याकडे पोरगी बघायला आले की नाव विचारतात, सुई ओवायला लावतात, आणि शेवटी म्हणतात, जरा चालून दाव बाई. पहिल्या पाहुण्यांनी तेच केलं. वंदना स्वैपाकघरापासून ओसरीपर्यंत चालली. खोलीतले सगळे डोळे तिच्या पायावर. पोहे अर्धे टाकून ती माणसं "कळवतो" म्हणून गेली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही, असं तातेरावांच्या बायकोनं, शांताबाईंनी मला सांगितलं.

पुढचं स्थळ सेनगावकडचं होतं. मुलाचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान, माणसं चांगली, आणि पायाचं मध्यस्थानं आधीच सांगितलेलं. तुरी निघाल्यावर एका रविवारी मुलगा, त्याची आई आणि मामा आले. चार शहाणी माणसं हवीत म्हणून मलाही बोलावलेलं. बोलणं रंगात आलं होतं. तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, तसं वाईट वाटून घेऊ नका, पण पोरीनं जरा चालून दाखवावं.

तातेराव उठले. पायांत चपला घातल्या.

"चालनं बघायचं ना ताई? वर बघा."

स्वैपाकघरात भांडं आदळलं. मी तर कपाळाला हात लावला. या माणसाच्या हौसेपायी पोरीचं जमत आलेलं लग्न मोडणार, दुसरं काय. पण मुलगा हसत उठला, आणि त्याच्यामागे बाकीच्यांना उठावंच लागलं.

सुरुवातीला झाडीतली वाट बरी आहे. पुढे मात्र छातीवर येणारा चढ लागतो. खाली मुरूम, त्यावर सागाची वाळली पानं, पाय ठरत नाही. मामानं एका बुंध्याशी बैठक मारली ती मारलीच. मुलाची आई पदर खोचून चढत होती. मीही मागून गुडघ्यावर हात ठेवून, पाय रेटत एकेक पाऊल उचलत होतो. मग मान वर केली. मुलगा गुडघ्यावर हात ठेवून चढत होता. त्याची आई गुडघ्यावर हात ठेवून चढत होती. आम्ही सगळे वंदनासारखे चालत होतो, आणि वंदना आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. तिला धाप नव्हती. कुठला दगड हलतो ते ती वरून सांगत होती.

शेवटच्या टप्प्यावर तिनं त्या बाईला हात दिला आणि ओढून वर घेतलं.

खडकावर बसून बाईनं दम घेतला. तातेरावांनी त्या दिवशी कुणाला नांदेड दाखवलं नाही. ते फक्त म्हणाले, "ताई, बघितलं चालनं?"

"बघितलं," बाई म्हणाली. "कोन मागं ऱ्हायलं ते पोरगी सारखी वळून बघत व्हती. आमच्या घरात असं कोनी बघत न्हाई."

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

दिवाळीला वंदना माहेरी आली. औंढ्याला दर्शनाला म्हणून सासूही आलेली. सकाळी दोघी डोंगराकडे निघाल्या. तातेराव अंगणातच बसून होते. लग्नानंतर ते एकदाही वर गेले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी विचारलं, का हो?

"सर, मला वर चक्कर येते," ते म्हणाले. "पयल्यापासून. मी झाडाला धरून उभा ऱ्हायचो. खाली कधी बघितलंच न्हाई."

मग इतकी वर्षं कशाला चढत होता, मी विचारलं.

"डॉक्टर म्हनले, चढउतार केली तर पायात जोर येईल. लेकरू लहान व्हतं. तिला घेऊन निघालो की लोक वाटंवर उभे राहून तिचा पाय बघायचे. ती रडून माघारी फिरायची. मग म्या येड्यावानी करून राहिलो. लोक माझ्याकडं बघून हसायले, अन् लेकरू बाजूनं निघून जायचं."

वरच्या झाडीतून दोन लुगड्यांचे रंग सरकत होते. तातेरावांनी कपाळावर हात धरून पाहिलं. लांबचं त्यांना आताशा नीट दिसत नव्हतं.

"पुढं कोन हाय, सर?"

"वंदना," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.