मामांच्या दहाव्याला रणकातळ

रणकातळांविषयी मला जितकं माहीत आहे, तितकं या जगात कोणालाच माहीत नाही! ते कुठून आले, काय खातात, लढाईच्या आधी कोणत्या कुशीवर झोपतात, त्यांच्यात मयत झाल्यावर काय करतात, काहीही विचारा. घडाघडा सांगतो. यात बढाई नाही. रणकातळ ही योद्ध्यांची जमात मीच तयार केलेली आहे.

मी नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासतो. पण ते पोटासाठी. खरं काम म्हणजे माझी कादंबरी! अठरा वर्षं लिहून राहिलो. आठशे पानं झाली आणि अजून मुख्य लढाई यायची आहे. आजवर वाचक मात्र एकही नाही. माझी बायको सुकन्या चौथ्या पानावर घोरायला लागली, ती पाचव्या पानावर काही आली नाही. मी लिहायला बसलो की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, तुमच्या त्या लोकांना सांगा, गॅस संपलाय!"

यंदा जानेवारीत माझे सासरे गेले. हणमंतरावमामा. चाकूरला सकाळी चहाची बशी खाली ठेवली, "जरा बसतो," म्हणाले आणि ओट्यावरच्या लाकडी खुर्चीत बसले ते बसलेच. मामा फार कमी बोलायचे. पण मी गेलो की स्टँडवर घ्यायला स्वतः यायचे आणि माझी पिशवी मला उचलू द्यायचे नाहीत. सत्तरीचा माणूस! मी ओढाओढी करायचो, ते सोडायचे नाहीत. या वेळी मी माझी पिशवी घेऊन एकटाच घरी चालत गेलो, तेव्हा मला खरं काय झालंय ते कळलं.

तिसऱ्या दिवशी शेषेरावकाका माझ्याजवळ आले. काका म्हणजे मामांचे चुलतभाऊ. गळ्यात तुळशीची माळ, आवाज असा की माइकची गरज नाही, आणि तरीही माइकवर जीव.

"भागवतराव, तुमी लेखक हाव म्हणं. दहाव्याला एक पुस्तिका काढा. वर हणमंताचा फोटो, आत आपल्या कुळाचा इतिहास. पाव्हण्यांना वाटू."

अठरा वर्षांत प्रथमच मला कोणीतरी काहीतरी लिहायला सांगितलं होतं! मी लगेच वही काढली. "सांगा काका, आपलं कूळ कुठून आलं?"

"आजोबा इथंच होते."

"त्याच्या आधी?"

"आजोबाचे वडील असतील की!"

एवढाच इतिहास. तरी मी त्याची ओढूनताणून चार पानं केली, "कूळ आणि उगम" असं नाव दिलं आणि नांदेडला जावेदकडं पाठवून दिली. जावेद म्हणजे माझा छपाईवाला दोस्त. कादंबरीचं टायपिंगही तोच करतो, तेही न वाचता.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "भागवतभाई, माझ्याकडं दोन फायली हाएत. एक 'कूळ फायनल', एक 'कूळ फायनल नवीन'. कोनती छापू?"

माझ्या एका बाजूला मामांची भाची हुंदके देत होती, दुसऱ्या बाजूला मांडववाला विचारत होता की खांब कुठं रोवू. मी म्हणालो, "नवीन!"

झालं! माझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाचं नावही "कूळ आणि उगम"च आहे, आणि ते मी मागच्याच महिन्यात नव्यानं दुरुस्त करून त्याला दिलं होतं.

दहाव्याच्या सकाळी गठ्ठे आले. तीनशे प्रती. वरचं पान झकास होतं, मामांचा फेट्यातला फोटो, खाली माझं नाव. उघडून बघायला कोणाला वेळ होता? पिंडदान उरकून पुरुष मांडवात बसले, बायका माजघरात गेल्या. प्रवचनाला येणाऱ्या महाराजांची गाडी वाटेत लोहा गावाजवळ पंक्चर झाली. शेषेरावकाकांनी ही संधी सोडली असती तर ते शेषेरावकाका कसले! माइक हातात, पुस्तिका डोळ्यांसमोर.

"आकाशातली वीज काळ्या पाषाणावर कोसळली. पाषाण दुभंगला आणि आतून तीनशे भाऊ शस्त्रांसह बाहेर आले!"

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. हे मामांचं कूळ नव्हतं. हे माझे रणकातळ होते!

मांडवात चुळबुळ झाली. मला वाटलं, आता कोणीतरी हसणार. मागून एक म्हातारा म्हणाला, "बरूबर हाय. वरच्या रानात फुटका दगड हाय की!"

काकांना चेव आला. "रणकातळ घोरपडींवर स्वार होऊन लढत!"

"घोरपडीवर?" कोणीतरी विचारलं.

"तवाच्या घोरपडी मोठ्या असायच्या," म्हातारा म्हणाला.

मी काकांकडं धावलो, "काका, थांबा, चूक झाली!" पण माइकपुढं माझा आवाज कोणाला ऐकू येणार? कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन पाव्हण्यांनी मला धरून खाली बसवलं. "बसा जावईबापू. आवरा सोताला." मागं कौतुकाची कुजबुज झाली, "जावई लई हळवं हाय!"

त्यांच्या हातांतून सुटलो आणि मी घरात पळालो. माइकची पिन माजघरातल्या बोर्डात होती. ती ओढायची, एवढंच डोक्यात.

माजघराच्या दारात माझे पाय थांबले. सगळ्या बायका गोल करून उभ्या होत्या. मधोमध माझ्या सासूबाई, केवळाबाईमामी. दहा दिवस त्या रडल्या नव्हत्या, बोलल्याही नव्हत्या. समोर मामांची बहीण, सिंधुआत्या. त्यांच्या हातात एक गोटा होता, आणि मामींचा हिरव्या बांगड्यांचा हात त्यांनी पाटावर धरून ठेवला होता. सुकन्या भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मामी मात्र पाटाकडं अशा बघत होत्या, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे.

मी पिनेला हात घातला, तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज घुमला, "रणकातळ पडला, की त्याचं आसन त्याच्या पत्नीचं. तिच्या हातातलं, कपाळावरचं काहीही उतरवलं जात नाही. जो उतरवील, त्याचा हात मनगटापासून कलम होतो!"

आत्यांनी हात असा मागं ओढला, जणू विस्तवावर पडला होता! गोटा घरंगळत माझ्या पायाशी आला.

खरं सांगतो, ती ओळ मी एका रविवारी पुढचं काही सुचेना म्हणून लिहिली होती. तिच्यामागं कसलाही विचार नव्हता.

मामींनी आपला हात उचलला, बघितला, पदर सारखा केला. मग सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेल्या आणि मामांच्या लाकडी खुर्चीत बसल्या. ती खुर्ची दहा दिवस रिकामी होती. तिच्यावर कोणी टॉवेलसुद्धा टाकला नव्हता.

काकांचा माइक खाली आला. "वैनी, हे... हे बरं दिसत न्हाई."

"भावजी, तुमीच वाचलं न्हाई का?" मामी दहा दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. "आपल्या कुळाची रीत हाय. का तुमचं वाचन खोटं?"

आता काका काय बोलणार? तीनशे माणसांसमोर तीनशे पूर्वज त्यांनी स्वतःच दगडातून बाहेर काढले होते. ते आता परत आत कसे घालणार! त्यांनी माळ चाचपली, खाकरले आणि म्हणाले, "रीत हाय खरी. जुनी हाय."

दुपारी जेवणावळी उठल्यावर मी मामींपुढं जाऊन बसलो. मामांच्या दहाव्याला मी खोटं छापून वाटलं होतं! उद्या कोणाला कळलं, तर या बाईचं काय होईल?

"मामी, माफ करा. ते सगळं खोटं हाय. रणकातळ कोणी नव्हतेच. मी रचलं ते."

मामी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत राहिल्या. तिथं मामांच्या हातानं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"भागवतराव, आन् बांगड्या फोडायचं कुनी रचलं होतं?"

माझी नजर माजघराच्या दारात पडलेल्या गोट्यावर गेली.

"त्येचं नाव सांगा मला. मग दोगांचंबी खोटं म्हनू."

सिंधुआत्या बाजूला ओट्यावर बसल्या होत्या. सव्विसाव्या वर्षी विधवा झालेली बाई, पन्नास वर्षं उघडं कपाळ आणि मोकळे हात. त्यांना वाचता येत नाही. पुस्तिका मांडीवर घेऊन त्या मामांच्या फोटोवरची धूळ पदरानं पुसून राहिल्या होत्या, धूळ नसताना. हळूच म्हणाल्या, "माझ्या टायमाला कुठं होतं रे हे पुस्तक?"

मी तिथून उठलो. मागच्या अंगणात जाऊन हौदावर तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं. नंतर सुकन्या आली, तिनं टॉवेल दिला. म्हणाली, "पाचव्या पानापासून वाचीन म्हणते." अठरा वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते ऐकून मला काडीचाही आनंद झाला नाही. मामा असते तर, एवढंच वाटलं.

संध्याकाळी निघताना शेषेरावकाकांनी गाठलं. कानावर पेन्सिल, हातात पुस्तिका. मी मनाशी ठरवलं, यांना तरी खरं सांगायचं. हा माझा पहिला खरा वाचक!

"काका, हे सगळं मी माझ्या मनानं लिहिलंय."

काका मोठ्यानं हसले. "तुमी? राहू द्या हो! हे काय मनानं लिहायचं काम हाय? कुठल्या तरी जुन्या दप्तरातलं उतरून घेतलंय. आन् तेबी नीट उतरलं न्हाई! पान सहा बघा. 'विजयानंतर रणकातळ मटणाचा रस्सा खात.' आपल्या कुळात? सगळे माळकरी! आमचे पणजोबा सांगायचे, असलं काही नव्हतं. दुरुस्त करा, मगच उरलेल्या प्रती वाटू."

मी काकांशी वाद घालू शकत होतो. रणकातळांविषयी माझ्याएवढं कोणालाच माहीत नाही, असं ठणकावू शकत होतो. पण ओट्यावरच्या खुर्चीत मामी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात बांगड्या होत्या.

मग मी ओट्याच्या पायरीवर बसलो, काकांचीच पेन्सिल घेतली, आणि एकशे चाळीस प्रतींमध्ये एकेक करून "मटणाचा रस्सा" खोडला आणि वर बारीक अक्षरात "पिठलं" लिहिलं!