वरचे उंदीर, खालचे उंदीर

घाटाच्या पायथ्याशी, फोंडाघाटच्या बाजारात किराणा दुकान चालवणारे काशीराम उंदरांना कंटाळले होते. मारायची सोय नव्हती. "गणपतीचा वाहन ता. त्येका मारूचा नाय," असं बायकोने, सत्यवतीकाकूंनी, बजावून ठेवलं होतं. म्हणून ते सुक्या बोंबलाचा तुकडा लावून उंदीर पिंजऱ्यात धरत आणि नदीपलीकडे सोडून येत. लगेच तांदळाच्या गोणीला नवं भोक. तो तोच उंदीर असतो, अशी त्यांची खात्री होती.

माडीवर वर्षाली नावाची पुण्याची मुलगी भाड्याने राहत होती. ती उंदरांवरच पीएच.डी. करत होती. एकदा जेवताना तिने समजावलं, "काका, घाटावरचा उंदीर वेगळा, खालचा वेगळा. मधे कडा उभा. हजारो वर्षं हा वर गेला नाही, तो खाली आला नाही. वर थंडी, म्हणून त्याचे केस दाट, शेपटी आखूड. असं होत होत त्यांच्या दोन जाती झाल्या, असं माझं म्हणणं आहे."

काशीरामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे वर गेलेलो उंदीर परत खाली येवचो नाय?"

"नाही येणार."

"खात्रीन?"

"त्यावरच तर माझा प्रबंध आहे."

दुसऱ्या सकाळपासून काशीरामांची स्कूटर घाट चढू लागली. उंदीर खरंच परतले नाहीत. मग शेजारच्या हौसाबाईंनी आपला पिंजरा आणून दिला. "वायच ह्येकाय घेवन जा रे." पाठोपाठ हॉटेलवाले भाई आले, गिरणीवाला सुदेश आला. नाही म्हणणं काशीरामांना कधी जमलंच नव्हतं. त्यांच्या पाठीत उसण भरली, तरी फेऱ्या चालूच होत्या.

एका दुपारी वर्षाली घाटावरून आली ती जिन्यावरच बसली. तिने घाटावर लावलेल्या पिंजऱ्यांत लांब शेपटीचे, खालचेच उंदीर सापडत होते. "सगळं काम फुकट गेलं, काकू. उंदीर घाट चढतात. दिवाळीनंतर सर येणार, त्यांना काय दाखवू?" जेवायलाही तिने नको म्हटलं.

काशीराम दारात आले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. "बाय, ते चढले नाय," ते म्हणाले. "माझ्या स्कूटरीवरसून गेले."

रागवावं की हायसं वाटून घ्यावं, वर्षालीला ठरवता येईना. शेवटी ती म्हणाली, "मग खाली आणावे लागतील. सगळे."

ती वर शेपट्या मापून खालचे उंदीर वेगळे काढी, काशीराम ते उतरवत. पण द्यायचे कुणाला? हौसाबाईंनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. "हो माझो न्हय. माझो बारीक होतो." भाई म्हणाले, "हो वरचोच दिसता. केस बघ." सुदेशने तर गिरणीचं दारच लावून घेतलं. बाजारात एकाएकी सगळ्यांना उंदरांच्या जाती ओळखता येऊ लागल्या होत्या.

संध्याकाळी सगळे पिंजरे काशीरामांच्या अंगणात जमले.

"आता ह्ये खंय ठेवतलास तुमी?" सत्यवतीकाकूंनी विचारलं.

काशीराम कण्हत खाली बसले आणि त्यांनी एकेक दार उघडलं. उंदीर सरळ दुकानात शिरले. वाट कुणालाच शोधावी लागली नाही.

"काका, सगळे नक्की खालचेच ना?" वर्षालीने जिन्यावरून विचारलं.

"खालचेच," काशीराम म्हणाले, आणि तांदळाच्या गोण्या माळ्यावर चढवायला आत गेले.