मांडी कोणाची?

माझ्या घरात माझ्या नकळत काही घडू शकत नाही, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगायचो. मग एकदा दौऱ्यावरून परतलो, तर सासूबाई मुक्कामाला आलेल्या आणि मला पाहताच मायलेकी दोघी चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी मोजे शोधत बेडरूमपाशी गेलो. दार अर्धवट उघडं होतं. आत सासूबाई जाडजूड पेनासारखं काहीतरी मुठीत धरून उशीवर वार करत होत्या.

"जोरात गं आई," बायको शिकवत होती. "मांडीतच खुपसायचं, कपड्यांवरून. मग आडवं पाडून ठेवायचं, उठू द्यायचं नाही."

"आणि जावईबापू?"

"त्यांना कळता कामा नये."

माझ्या दोन्ही मांड्यांना घाम फुटला.

तेव्हापासून बायकोने घास खाल्ल्याशिवाय मी ताटाला हात लावेना. सोफ्यावर बसलो की मांडीवर जाड शब्दकोश. "वाचन वाढलंय वाटतं," सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. शिवाय बायको एक लाल पाऊच क्षणभरही सोडत नव्हती. हत्यार त्यातच असणार!

रविवारी ती अंघोळीला गेली आणि मी पाऊच वॉशिंग मशीनच्या मागे दडवला.

ती बाहेर आली, बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला गेली आणि किंचाळली. टॉवेलच्या दोरीवरची गांधीलमाशी मानेला चावली होती. मी बर्फ घेऊन पोचेपर्यंत तिच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि श्वासातून शिट्टी वाजायला लागली.

"पाऊच कुठाय?" सासूबाईंनी तिला जमिनीवर आडवं केलं. "तुम्ही दौऱ्यावर होतात तेव्हा अशीच माशी चावली. घसा सुजून जाता जाता वाचली पोर. तुम्ही सुई पाहिली की चक्कर येऊन पडता, म्हणून बोललो नाही."

मी वॉशिंग मशीन नळीसकट ओढलं. पाऊचमध्ये दोन इंजेक्शनची पेनं होती.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावते, तुम्ही टोचा."

मी एक पेन मुठीत धरलं, अंगठा टोकावर रोवला, डोळे मिटले आणि तिच्या मांडीवर दाबलं. खट्ट.

"झालं," मी म्हणालो.

"तिला लागलेलंच नाही," सासूबाई म्हणाल्या.

पेन उलटं होतं. सुई माझ्या अंगठ्यात शिरली होती.

सासूबाईंनी फोन खांद्यात दाबला, दुसरं पेन काढलं आणि लेकीच्या मांडीत बेधडक खुपसून धरून ठेवलं. हळूहळू शिट्टी थांबली. मी खाली बसलो, आणि मला खरंच रडू आलं.

बरं वाटलं तरी त्रास उलटू शकतो, म्हणून हॉस्पिटलने तिला ठेवून घेतलं. डॉक्टरांनी माझा त्या औषधाने खडूसारखा पांढरा पडलेला अंगठा उजेडात धरला. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मी खाटेवर होतो आणि नर्स विचारत होती, "यांच्यासोबत कोण आहे?"

शेजारच्या खाटेवरून सलाइन लावलेला हात वर झाला.

"मी," बायको म्हणाली.