एकतर्फी काच

खिडकीला फिल्म लावायचं ठरलं ते एका स्टीलच्या ताटामुळे. ते ताट दोन्ही हातांनी धरून बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायचं, पायांशी तीन चपला क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर म्हणून मांडायच्या, डाव्या हाताने हवेतले गिअर टाकायचे आणि जागच्या जागी गाडी चालवायची, असा त्या घरच्या सुनेचा शिरस्ता होता. ती परिचारिका होती. घरोघर जाऊन रुग्ण तपासण्याची जागा तिला मिळाली होती. अट एवढीच की महिनाअखेर गाडी चालवायचा परवाना हाती हवा. दोनदा ती नापास झाली होती. तिसरी परीक्षा शनिवारी होती, आणि त्या महिन्यात चौथी नव्हती.

अडचण गल्लीपलीकडे होती. समोरच्या इमारतीत, एक मजला वर, एक निवृत्त गृहस्थ दिवसभर गॅलरीत बसत. घरात त्यांना 'दुर्बीण' म्हणत. ते बोलत नसत, हसत नसत, नुसते पाहत. आणि त्या निर्विकार नजरेखाली ताट उचलणं सुनेला अशक्य झालं होतं.

"बघू दे की," सासूबाई म्हणाल्या. "आपलंच ताट आहे."

"आई, ते ताट म्हणूनच बघतात. मला स्टिअरिंग वाटायला हवं ना."

नवऱ्याने रविवारी फिल्म आणली. आतून सगळं दिसतं, बाहेरून काही नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नवऱ्याचा धंदा पुस्तकबांधणीचा. गुंडाळी उघडली तेव्हा एकमेकांना बिलगलेले दोन थर निघाले: एक काळसर चंदेरी, एक निखळ पारदर्शक. आयुष्यभर त्याने एकच सत्य उराशी जपलं होतं की चकचकीत असतं ते वेष्टन, आणि आशय नेहमी साधा असतो. त्याने चंदेरी थर हळुवार सोलून बाजूला ठेवला आणि पारदर्शक थर साबणाच्या पाण्याने काचेवर चढवला. रबरी पट्टीने एकेक बुडबुडा कडेला नेऊन विसर्जित केला. चंदेरी थराचं पुढे दुकानातल्या दोन रजिस्टरांना देखणं आवरण झालं.

"आतून तर अगदी स्वच्छ दिसतंय," सून म्हणाली.

"तीच तर खुबी."

खात्रीसाठी तो भर दुपारी गल्लीत उतरला. खालून पाहता काचेत उन्हाने पांढरं झालेलं आकाश तेवढं होतं. घराचा मागमूस नव्हता. तो समाधानाने जिना चढला.

त्या दिवसापासून घराला अदृश्य असल्याची धुंदी चढली. सून उजळ माथ्याने गाडी हाकू लागली. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. सासूबाई मागे स्टुलावर प्रवासी म्हणून बसत. नवरा आंघोळीनंतर निःशंकपणे वावरू लागला. आणि इतकी वर्षं जे पाहत आले, त्यांच्याकडे आता हे तिघं खुशाल टक लावून पाहू लागले.

मंगळवारी सून म्हणाली, "अहो, दुर्बीण काकांना काहीतरी होतंय."

गॅलरीतल्या गृहस्थांचा उजवा हात अचानक वर उठत होता, हवेत वर्तुळ काढत होता. मध्येच डावा पाय जमिनीवर आपटत होता. मग ते कपाळाला हात लावून बसत.

"डास असतील," सासूबाई म्हणाल्या.

"डासांना कोणी असं थांबायची खूण करतं का?"

बुधवारपर्यंत तिने परिचारिकेच्या शिस्तीने नोंद केली. झटके सकाळी आणि संध्याकाळी येत, नेमके तिच्या सरावाच्या वेळी. वळण घेताना ते सर्वांत तीव्र असत. बिचारा एकटा माणूस. आता ती प्रत्येक वळणाआधी डावीकडे वर नजर टाकून त्यांची प्रकृती बघू लागली. आश्चर्य म्हणजे ती बघायची तेव्हा ते शांत होत, मानही डोलावत.

"मेंदूचं असेल," ती गुरुवारी म्हणाली. "तुम्ही जाऊन विचारा तरी. शेजारी आहोत."

नवरा गेला. गृहस्थांनी त्याला थेट गॅलरीत नेलं.

"बरं झालं आलात. वहिनी तिसऱ्या गिअरमधून एकदम पहिल्यात येतात. गाडी गचके खाईल."

नवऱ्याला नीट उमजलं नाही. "कोणती गाडी?"

"ताटाची. मी तीस वर्षं बस चालवली, म्हणून राहवत नाही. वळताना डावीकडे बघत नव्हत्या, ते आता सुधारलंय."

"काका, तुम्हाला दिसतं?"

"न दिसायला काय झालं? काच छान पुसलीय तुम्ही. आणि आजींना तेवढं सांगा, चालत्या गाडीतून उतरत जाऊ नका."

नवऱ्याने समोर पाहिलं. उघड्या पुस्तकाच्या पानासारखं त्याचं घर समोर पसरलं होतं. आई स्टुलावर पिशवी सांभाळत बसली होती. बायको ताट धरून थेट त्याच्याकडे पाहत होती, आणि दुर्बिणीशेजारी नवरा कसा बावळट दिसतो, याची सासूबाईंना नक्कल करून दाखवत होती.

"आणि तुमचं ते आंघोळीनंतरचं..." गृहस्थ म्हणाले.

"ते राहू द्या."

परत येताना जिन्यातच त्याने हिशेब मांडला. खरं सांगावं, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी तिच्या हातून ताट गळून पडणार. न सांगावं, तर निदान शनिवारपर्यंत ते हातात राहील.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"व्यायाम आहे म्हणे. हातापायांचा. तू तिसऱ्यातून दुसऱ्यात येत जा."

"तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"बांधायला आलेल्या एका पुस्तकात होतं."

तिने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, पण ती दुसऱ्यात आली. समोर गॅलरीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बघा," ती हळहळून म्हणाली, "आता टाळ्याही."

शनिवारी खऱ्या गाडीत, खऱ्या स्टिअरिंगमागे, ती बसली. पहिलं वळण आलं. तिने सवयीने डावीकडे पाहिलं, मग वळली. दुसरं आलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यातून दुसऱ्यात आली. गाडीने साधा गचकासुद्धा खाल्ला नाही.

परत आल्यावर परीक्षकाने पेन उघडलं. "बाई, प्रत्येक वळणाआधी डावीकडे वर काय बघत होता?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. "आमच्यासमोर एक आजारी काका राहतात. वळताना त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं."

परीक्षकाने पेनाचं टोक एकेका रकान्यावरून फिरवलं. त्याच्या फॉर्मवर अशासाठी रकाना नव्हता. शेवटी त्याने लिहिलं, 'वळणापूर्वी डावीकडे पाहतात,' आणि खाली सही केली.